‘रंगाच्या डब्यात कसलं आलंय करिअर?’

प्रश्न : बार्शीत माझं ऑटो इलेक्ट्रिकचं गॅरेज आहे. मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, पाचव्या सेमिस्टरला ८१ टक्के. प्रोजेक्ट म्हणून त्याने बाइकच्या एलईडी हेडलाइटच्या हीट सिंकवर (दिव्याची उष्णता ओढून घेणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर) उष्णता बाहेर टाकणारं काळं कोटिंग मारलं. कॉलेजच्या प्रदर्शनात परीक्षकांनी टेम्परेचर गन लावली, तर बिनकोटिंगचा दिवा ३८ अंश आणि याचा ६६! सगळे हसले. तरी हा म्हणतो, मला मटेरियल्स इंजिनीअरिंगमध्येच जायचंय. रंगाच्या डब्यात कसलं आलंय करिअर? मी ते सगळं सामान माळ्यावर टाकलंय. पुतण्या हिंजवडीत आयटीत चांगला सेट झालाय. यालाही इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला घालायचं ठरवलंय, फॉर्म मीच भरणार आहे. कॉम्प्युटर घ्यावं की आयटी, एवढंच सांगा.

उत्तर : एवढंच मी सांगणार नाही. ८१ टक्क्यांत मला काळजी करण्यासारखं काही दिसलं नाही. काळजी वाटली ती ‘सामान माळ्यावर टाकलंय’ वाचून, आणि ‘फॉर्म मीच भरणार’ वाचून त्याहून जास्त. मुलगा मतदान करण्याच्या वयाचा आहे. आख्ख्या पत्रात त्याचं म्हणणं एका वाक्यात उरकलंय, आणि तेही तुम्ही लगेच खोडून काढलंय.

सगळे हसले त्या दिवशी घरी आल्यावर तुम्ही त्याला काय विचारलंत? गिऱ्हाईक हेडलाइट लागत नाही म्हणून गाडी घेऊन आलं, तर तुम्ही आधी फ्यूज बघता, अर्थिंग बघता, मग होल्डर. दिवा काढून भंगारात टाकत नाही. पोराच्या बाबतीत मात्र पहिल्याच रीडिंगवर निकाल लावलात. शिवाय तो ज्या वस्तूवर खपला, ती त्याला न विचारता उचललीत. याचा राग मुलं बोलून दाखवत नाहीत. विचारणं बंद करतात, सांगणं बंद करतात, आणि ‘पप्पा म्हणतील ते’ म्हणून मोकळी होतात. मग तीन वर्षांनी बॅकलॉग घेऊन माझ्यासमोर बसतात.

आता त्या रीडिंगकडे या. परीक्षकांचं चुकलं, असं मला ठामपणे वाटतं. टेम्परेचर गन तापमान थेट मोजत नाही. वस्तूतून निघणारे अवरक्त किरण ती टिपते आणि त्यावरून हिशेब करते. साध्या गनमध्ये हा हिशेब वस्तूची उत्सर्जकता (किरण सोडण्याची क्षमता, जास्तीत जास्त १) ०.९५ धरून बसवलेला असतो. कोटिंगच्या बाबतीत तो जवळपास बरोबर येतो. उघड्या, चकचकीत ॲल्युमिनियमची उत्सर्जकता मात्र ०.१ च्या आसपासच. तापलं तरी ते किरण फार थोडे सोडतं आणि समोरच्या भिंतीचे, माणसांचे किरण परतवत राहतं. म्हणजे ते ३८ बरंचसं त्या हॉलचं तापमान होतं. हीट सिंक प्रत्यक्षात ७० च्या पुढेही असू शकेल. मुलाचा प्रयोग फसला की जमला, हे त्या दिवशी कुणालाच कळलेलं नाही.

खात्री करायला लागणारं सगळं तुमच्याच गॅरेजात आहे. उघड्या हीट सिंकवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, पाचएक मिनिटं थांबा आणि गन त्या टेपवर धरा. टेपची उत्सर्जकता ०.९५ च्या जवळपास असते, त्यामुळे आकडा खरा येईल. मल्टिमीटरला तापमानाचा प्रोब असेल तर त्याने पडताळा. दोन्ही दिवे एकाच बॅटरीवर, पंखा बंद ठेवून, आकडा स्थिर होईपर्यंत चालू ठेवा.

तुमच्या मुलाने निवडलेला प्रश्न किरकोळ नाही. एलईडी गार असतो, हा समज तुमच्या धंद्यातही आहे. दिलेल्या विजेतला निम्म्याहून अधिक भाग त्यातही उष्णताच होतो. हॅलोजनची बरीचशी उष्णता उजेडाबरोबर समोर निघून जाते, एलईडीची चिपच्या मागे साचते. ती ॲल्युमिनियममार्फत ओढून हवेत सोडली नाही तर उजेड घटतो आणि आयुष्यही. शिवाय १ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत पेटलेलाच असतो. मे महिन्यात भर दुपारी सोलापूरच्या सिग्नलला थांबलेली बाइक डोळ्यासमोर आणा. वारा नाही, दिवा चालू. अशा वेळी किरणांनी बाहेर पडणारी उष्णता मोलाची ठरते. हीट सिंक ८० अंश, भोवताल ४० अंश आणि पृष्ठभाग २०० चौरस सेंटिमीटर धरला, तर उघडं ॲल्युमिनियम किरणांवाटे पाऊण वॅटही सोडत नाही, चांगलं कोटिंग ६ वॅटपर्यंत सोडतं. (रंग काळाच हवा असंही नाही. या तापमानाच्या किरणांना पांढरा रंगही तितकाच चालतो. मुलाला हे ठाऊक आहे का, विचारून बघा.)

त्यालाही थोडं सुनावतो. गाडी धावत असताना बहुतेक काम वारा करतो, तिथे कोटिंगचा फायदा नगण्य. पट्ट्या दाटीवाटीच्या असतील तर त्या एकमेकींकडेच किरण फेकत बसतात. एलईडीची प्लेट जिथे टेकते तिथे कोटिंग मारलं असेल तर उलट अडथळाच. तिथे उष्णता पुढे नेणारी थर्मल पेस्टच हवी. आणि एका स्प्रेच्या डब्यावरून मटेरियल्सचं वेड लावून घेऊ नये. कोटिंगचं शिक्षण म्हणजे मुख्यतः रसायनशास्त्र. मुंबईची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) किंवा नागपूरची लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट (आता विद्यापीठ) ही त्याची जुनी नावं. पण त्याला रेझिन आणि पिगमेंटमध्ये, म्हणजे रंगाच्या घटकांमध्ये, रस आहे की दिवा का तापतो यात? मला वाटतं, दिवा का तापतो यातच. तसं असेल तर शाखा बदलायचंच कारण नाही. चांगल्या कॉलेजात मेकॅनिकल, हीट ट्रान्सफर मनापासून, पुढे गेट ही प्रवेश परीक्षा देऊन थर्मल किंवा मटेरियल्समध्ये एमटेक. चाकण आणि वाळूजच्या पट्ट्यात वाहनांचे दिवे बनतात, तिथे हे काम लागतं. पहिला पगार पुतण्याहून कमी असू शकेल, हे लपवत नाही.

थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश डिप्लोमाच्या गुणांवर कॅपमधून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) होतो, कॉम्प्युटरचा पर्यायही खुला असतो. तो त्याने स्वतः मागितला तर मी अडवणार नाही, उष्णतेचं सिम्युलेशन करणाऱ्याला कोडिंग आलेलं बरंच. पण फॉर्मचा लॉगिन त्याच्या नावाने, त्याच्या मोबाइलवर असू द्या. फी तुम्ही भरणार, म्हणून तुमच्या शंका त्याने ऐकून घ्यायलाच हव्यात. पसंतीक्रम मात्र त्याने लावायचा.

सामान आजच खाली काढा. टेप लावून आलेले आकडे मला पाठवा, पुढचं पत्र मुलाने लिहिलं तर आणखी बरं.