घसारा, गॅसची रांग आणि वारस: टॅक्सी सोसायटीतल्या सभासदांची प्रश्नोत्तरे

सहकारी संस्थांची ऑडिट करण्यात माझी वीस-बावीस वर्षं गेली. त्यात टॅक्सी सोसायट्या मोजक्याच, पण सर्वांत जास्त भांडणं तिथलीच. गृहनिर्माण सोसायटीतला सभासद वर्षातून एकदा, सर्वसाधारण सभेत चिडतो. टॅक्सीवाला रोज रात्री गल्ला मोजताना चिडतो. या वेळी आलेली काही पत्रं थोडक्यात देऊन उत्तरं देतो आहे.

प्रश्न (ठाणे): आमच्या सोसायटीच्या २२ गाड्या आहेत, गाडी सोसायटीच्या नावावर आणि चालवणारे आम्ही सभासद. दर किलोमीटरला २ रुपये 'गाडी बदल निधी' म्हणून कापतात, ऑफिसखर्च वेगळा. अॅपवाले कमिशन कापतात म्हणून इकडे आलो. मग फरक काय राहिला?

उत्तर: फरक आहे, पण तो आपोआप पदरात पडत नाही. आधी आकडे मांडू.

समजा नवी सीएनजी गाडी परमिट-पासिंग धरून साडेसात लाखांत रस्त्यावर आली. सहा वर्षं रगडून चालवली आणि दीड लाखाला विकली. म्हणजे ६ लाख रुपये झिजले. वर्षाला ६० हजार किलोमीटर धरले तर सहा वर्षांचे ३ लाख ६० हजार. भागाकार करा, किलोमीटरमागे साधारण १ रुपया ६७ पैसे येतात. हा घसारा. सोसायटीने कापला नाही तरी गाडी तो घेतेच. तुमची स्वतःची गाडी अॅपवर चालत होती तेव्हाही तो जात होता. कुणी कापत नव्हतं म्हणून दिसत नव्हता, इतकंच. त्यामुळे २ रुपये ऐकून लगेच लूट म्हणू नका. नवी गाडी सहा वर्षांनी साडेसात लाखांत मिळणार नाही, वरचे ३३ पैसे त्यातच जातील.

हे किलोमीटर ओडोमीटरचे बरं का, भाड्याचे नव्हेत. पॅसेंजर सोडून रिकामे परत येता ते दहा किलोमीटरही टायर खातात. म्हणून भाड्याच्या टक्केवारीवर निधी कापण्यापेक्षा किलोमीटरवर कापणारी सोसायटी मला जास्त शहाणी वाटते.

आता विचारायचे प्रश्न. पहिला: गाडीवर कर्ज चालू आहे का, आणि त्याचा हप्ताही तुमच्याकडूनच वसूल होतो का? होत असेल तर तुम्ही आजच्या गाडीचे पैसेही भरताय आणि पुढच्या गाडीचेही. हे बेकायदा नाही, पण एका पिढीच्या चालकांवर दोन गाड्यांचा बोजा पडतो. कर्ज फिटेपर्यंत निधी कमी ठेवायचा का, हे सर्वसाधारण सभेने ठरवावं, सचिवाने नव्हे.

दुसरा: पैसे आहेत कुठे? एका सोसायटीच्या ताळेबंदात मला या निधीपोटी नऊ लाखांवर रक्कम दिसली. म्हटलं, बँकेची पावती दाखवा. सचिवांनी कपाट उघडलं, दोन फायली इकडच्या तिकडे केल्या आणि म्हणाले, "साहेब, निधी आहे, पैसे नाहीत." ऑफिसचं डिपॉझिट, एसी, दोन वर्षांचे विम्याचे हप्ते, असं करत सगळं रोजच्या खर्चात विरघळलं होतं. खिशात कुणीच घातलं नव्हतं. खाली उतरलो तर एका गाडीच्या मागच्या टायरला कडेला तार दिसत होती, आणि ती गाडी त्या दिवशीही धंद्यावर गेली.

तिसरं म्हणजे, "कायद्यानेच कापावं लागतं" असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणे निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो, पण तो वर्षअखेरीच्या नफ्यातून. किलोमीटरमागची कपात हा सोसायटीचा स्वतःचा ठराव असतो, आणि ठराव बदलता येतो.

पावती बघायची असेल तर अर्ज करा. त्याच अधिनियमाच्या कलम ३२ नुसार शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभांची इतिवृत्तं आणि तुमच्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी कार्यालयीन वेळेत फुकट बघण्याचा तुम्हाला हक्क आहे. लेखी मागणी करून फी भरली की नक्कल एका महिन्यात द्यावी लागते. बँकेच्या मुदत ठेवीची पावती या यादीत शब्दशः नाही, ती सभेत मागा. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी.

प्रश्न (वसई): रात्रपाळीचा जोडीदार सकाळी ६ वाजता गाडी देतो तेव्हा गॅस संपत आलेला असतो. खर्च आम्ही निम्मा-निम्मा करतो, तरी रोज वाद.

उत्तर: कारण वाद गॅसचा नाहीच, रांगेचा आहे. गॅसचे पैसे वाटून घेता, पंपावरचा पाऊण तास कोण वाटून घेणार? सकाळी ऑफिसची गर्दी सुरू होते, स्टेशनबाहेर भाडी मिळतात, आणि तुम्ही पंपावर पुढच्या रिक्षाच्या मागे इंच-इंच सरकताय. पहाटे चारला दहा मिनिटांत होणारं काम आठ वाजता धंद्याची वेळ खातं.

उपाय जुना आहे, फुल ते फुल. गाडी सोडणाऱ्याने टाकी भरून सोडायची आणि पंपाची पावती वहीत लावायची. खर्च ज्याने चालवली त्याचा, वाटणीच नको. मीटरच्या ठिपक्यांवर जाऊ नका. पंपावर प्रेशर कमी असलं की 'फुल' म्हणून भरलेली टाकी प्रत्यक्षात फुल नसते, त्यामुळे पावतीवरचे किलो आणि ओडोमीटर हेच खरे. पंधरा दिवस लिहिलंत तर कुणाच्या हातात गाडी किती अॅव्हरेज देते तेही कळेल. (हे कळल्यावर नवं भांडण सुरू होईल, पण ते निदान उपयोगाचं.)

वहीच्या पहिल्या पानावर सिलिंडरच्या चाचणीची तारीखही लिहून ठेवा. सीएनजी सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर ३ वर्षांनी करावी लागते. तारीख उलटली की पंपवाला नोझल लावत नाही, आणि हे नेमकं तुमच्या पाळीत कळतं.

प्रश्न (मुंबई): ई-चलान सोसायटीच्या नावावर येतं आणि सरसकट सगळ्या चालकांमध्ये वाटलं जातं. मी सिग्नल तोडत नाही, मी का भरू?

उत्तर: भरू नका. कॅमेऱ्याला नंबरप्लेट दिसते, म्हणून चलान मालकाच्या म्हणजे सोसायटीच्या नावावर निघतं. पण त्यावर तारीख आणि मिनिटापर्यंत वेळ असते. पाळी बदलताना वहीत वेळ आणि दोघांची सही असेल तर एका मिनिटात उलगडा होतो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३३ प्रमाणे गाडी कोण चालवत होतं हे पोलिसांनी विचारल्यावर मालकाने सांगणं बंधनकारक आहे, तेव्हा ही नोंद ठेवणं सोसायटीचंच काम. सरसकट वाटणी म्हणजे बेफिकीर चालकाला इतरांनी दिलेलं अनुदान.

प्रश्न (नाशिक): गाडीचा विमा सोसायटी भरते. आमच्या एका चालकाचा अपघातात पाय मोडला. विमा कंपनी म्हणते, त्याला काही मिळणार नाही. मग विमा कशाचा?

उत्तर: थर्ड पार्टी विमा म्हणजे तिसऱ्याचा विमा, आणि स्टिअरिंगवर बसलेला तिसरा नसतो. बहुतेक चालकांच्या डोक्यात '१५ लाखांचं कव्हर असतं' एवढं पक्कं बसलंय. ते 'मालक-चालक' वैयक्तिक अपघात कव्हर. ते मिळायला नोंदणीकृत मालक ही लायसन्सवाली व्यक्ती असावी लागते. सोसायटीला हातपाय नसतात, त्यामुळे गाडी संस्थेच्या नावावर असली की हे कव्हर लागूच होत नाही.

मग पॉलिसीत दोन गोष्टी शोधा: पगारी चालकाबद्दलची कायदेशीर जबाबदारी, आणि चालकासाठी वैयक्तिक अपघात कव्हर. पहिल्याचा प्रीमियम अगदी किरकोळ असतो. पण इथे एक खाच आहे. तुम्ही सभासद म्हणून गल्ल्यातला वाटा घेता, पगार घेत नाही. दाव्याच्या वेळी "हा पगारी चालक नव्हेच" असा वाद निघू शकतो. म्हणून दुसरं कव्हरही घ्या आणि सभासद-चालकांचा उल्लेख लेखी करून घ्या. एजंटच्या तोंडी "होईल हो" वर विसंबू नका.

स्वतःच्या खात्यातून आणखी एक करा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती कव्हर देते, वय १८ ते ७०. पण ते मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे, प्लास्टर काढल्यावर बऱ्या होणाऱ्या पायासाठी नाही. उपचाराचा खर्च म्हणाल तर रस्ते अपघातातल्या जखमींसाठी २०२५ मध्ये केंद्राची कॅशलेस योजना आली आहे: नेमलेल्या रुग्णालयात दीड लाखापर्यंत, अपघातापासून ७ दिवस. ती चालकालाही आहे. आपल्या भागात अशी रुग्णालयं कोणती, याची यादी गाडीच्या सन व्हायझरमागे चिकटवा. अपघातानंतर शोधायला वेळ नसतो.

प्रश्न (पनवेल): मी वर्षात ३०० दिवस गाडी चालवली, दुसऱ्याने जेमतेम ९०. दोघांचे शेअर सारखे म्हणून लाभांश सारखा. हा कसला सहकार?

उत्तर: लाभांश शेअरवर असतो आणि तो १५ टक्क्यांपेक्षा जास्त देताच येत नाही, त्यामुळे तिथे फार काही मिळणार नाही. पण ज्याने सोसायटीला जास्त धंदा दिला त्याला त्या प्रमाणात बोनस, ही वाट कायद्यात आहे. पोटनियमात तरतूद आहे का बघा, नसेल तर दुरुस्ती सुचवा. मत मात्र दोघांचं एकेकच राहणार, आणि ते तसंच असावं.

प्रश्न (सातारा जिल्हा): माझे मिस्टर मुंबईत टॅक्सी चालवायचे, सोसायटीचे सभासद होते. गेल्या महिन्यात गेले. मला गाडी येत नाही, मुलगा अकरावीत आहे. सोसायटीवाले म्हणतात, सावकाश या, घाई नाही.

उत्तर: ताई, घाई आहे. आधी एवढंच बघा, परमिट कुणाच्या नावावर आहे?

गाडी आणि परमिट दोन्ही सोसायटीचं असेल तर तुमचा प्रश्न फक्त शेअर आणि येणं रकमेचा आहे. त्यांनी सभासद होताना नामनिर्देशन भरलं असेल, तो कागद मागा. शेअर त्या व्यक्तीच्या नावे होतो. फक्त चालकच सभासद होऊ शकतो असा पोटनियम असेल तर सोसायटीने शेअरची किंमत द्यायची. सोबत त्यांचं शेवटच्या महिन्याचं येणं, डिपॉझिट, वर्षाचा बोनस असं सगळं लेखी मागा. नामनिर्देशनात दिराचं किंवा सासऱ्यांचं नाव निघालं तरी खचू नका. ती व्यक्ती पैसे स्वीकारते, त्याने वारसांचा हक्क संपत नाही.

पण परमिट त्यांच्या नावावर असेल आणि गाडी फक्त सोसायटीला जोडलेली असेल, तर तारखा मोजा. मोटार वाहन अधिनियमाचं कलम ८२ सांगतं की परमिटधारक गेल्यावर गाडी ज्याच्या ताब्यात येते त्याला ३ महिने ते परमिट वापरता येतं, मात्र मृत्यूची आणि परमिट वापरणार असल्याची खबर ३० दिवसांच्या आत परिवहन प्राधिकरणाला द्यावी लागते. परमिट स्वतःच्या नावे करण्याचा अर्जही त्याच ३ महिन्यांत. परमिट तुमच्या नावावर व्हायला तुम्हाला स्वतः गाडी चालवता येण्याची गरज नाही, बॅजधारक चालक ठेवता येतो. 'गेल्या महिन्यात' म्हणालात, म्हणजे ३० दिवस संपत आले असतील किंवा नुकतेच संपले असतील. मृत्यूचा दाखला, परमिटची आणि आरसीची झेरॉक्स घेऊन आरटीओत जा आणि पोच घ्या. उशीर झाला असेल तर कारण लिहून अर्ज द्या, पण द्याच.

त्यांच्या बँक खात्यातून दरवर्षी मे-जूनमध्ये ४३६ किंवा २० रुपये कापले गेलेत का, तेही पासबुकात बघा. ४३६ म्हणजे जीवनज्योती विमा, २ लाखांचा, मृत्यू कशानेही असो. हे पैसे घरच्यांना माहीतच नसतात, ऑडिटच्या निमित्ताने मी तीनदा तरी पाहिलंय.

प्रश्न (पुणे): सोसायटीत आम्ही चार महिला चालक आहोत. बारा तासांत लघवीला जायचं कुठे, हा रोजचा प्रश्न. म्हणून पाणी कमी पिते. समितीत बोललं की पुरुष हसतात.

उत्तर: पाणी कमी पिऊ नका. मूत्रमार्गाचा संसर्ग झाला की चार दिवस गाडी उभी, औषधाचा खर्च वेगळा. तुम्ही चौघींनी आठवडाभर एक काम करा: ज्या पंपावर, मॉलमध्ये, रुग्णालयात, हॉटेलात स्वच्छतागृह उघडं आणि बरं मिळालं, त्याचं लोकेशन वेळेसकट एका ग्रुपवर टाका. रात्री कडी लागते का, दिवा आहे का, हेही लिहा. ही यादी सोसायटीच्या बुकिंग करणाऱ्याकडे द्या आणि सांगा की लांबच्या दोन भाड्यांमध्ये वीस मिनिटं मोकळी ठेवायची. यादी तयार झाली की हसणारे पुरुषही वापरतील, त्यांची मधुमेहाची गोळी चालू असते.

समितीबद्दल म्हणाल तर सहकारी संस्थेच्या समितीत महिलांसाठी २ जागा राखीव असतात. तुमच्याकडे त्या रिकाम्या आहेत की कुणाच्या तरी पत्नीच्या नावाने भरल्यात, ते इतिवृत्तात बघा. गाडी चालवणाऱ्या चौघींपैकी दोघींनी पुढच्या निवडणुकीला अर्ज भरा.