मोल्दोव्हा युरोपात असूनही इतका गरीब का? तिथले लोक राहतात कसे?

मूळ दुखणं १९९१ नंतरचं. सोव्हिएत संघ फुटला आणि इथली वाइन, फळं, भाज्या घेणारी हक्काची बाजारपेठ विस्कटली. १९९२च्या युद्धानंतर ट्रान्सनिस्ट्रिया हा पूर्वेकडचा फुटीर पट्टा हातातून गेला. पोलाद कारखाना आणि मोठं वीजकेंद्र दोन्ही त्याच पट्ट्यात, त्यामुळे उरलेल्या देशाकडे मुख्यतः शेतीच राहिली. सामूहिक शेतांची जमीन वाटली, पण तुकडे इतके लहान की त्यावर घर चालणं अवघड. त्यात २००६ साली रशियाने वाइनवर बंदी घातली आणि द्राक्षबागायतदार पार कोलमडले.

राजधानी चिशिनाउ पाहून अंदाज बांधू नका, तिथे कॅफे आहेत, मॉल आहेत. खरी गरिबी खेड्यात दिसते. पाणी विहिरीचं, संडास परसात, थंडीत लाकडावर पेटणारी मातीची शेगडी आणि तिच्यामुळे ऊब असलेली घरातली एकच खोली. त्या खोलीत बऱ्याचदा आजी, तुटपुंज्या पेन्शनवर. मुलगा मॉस्कोत बांधकामावर गेलेला, सून इटलीत दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांची सेवा करते, नातवंडं आजीच्या गळ्यात. मनाला सगळ्यात जास्त हेच लागतं. २००६ ते २००८च्या सुमारास परदेशातून येणारा पैसा देशाच्या उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास होता!

तेव्हापासून परिस्थिती बरीच सुधारली आहे, हे खरं. पण २०२२मध्ये गॅसचे दर भडकले, महागाई ३० टक्क्यांच्या वर गेली, आणि पहिला फटका पेन्शनवाल्यांनाच बसला.