साध्या कारणावरून माणसं हातघाईवर का येतात?

तुम्ही विचारलंय, एरवी शांत असणारी माणसं क्षुल्लक कारणावरून अंगावर का धावून येतात, आणि हे उपजतच असतं का. मी मानसशास्त्रात बीए केलंय खरं, पण मला हे कळलं ते टँकरपाशी.

२०१६ चा उन्हाळा, लातूर. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेच वर्ष. हाणामाऱ्या होतील म्हणून पाणी भरायच्या टाक्यांपाशी चक्क १४४ कलम लावलं होतं! आमच्या गल्लीतही टँकर आला की घागरींची रांग लागायची. एकदा एका बाईनं आपली घागर पायानं हळूच पुढं सरकवली. मागचे नुसते "ओ मावशी" करून ओरडले. पण जिचा नंबर लागणारच होता, त्या आमच्या शेजारच्या काकूंनी ती घागर नालीत भिरकावली आणि बाईच्या झिंज्या धरल्या. हळदीकुंकवाला ज्यांचा आवाज कुणाला ऐकू यायचा नाही, त्या काकू!

हवं ते मिळण्यात आडकाठी आली की माणूस आक्रमक होतो, असं १९३९ मध्ये येल विद्यापीठात जॉन डॉलार्ड आणि सहकाऱ्यांनी मांडलं. मेरी हॅरिस यांनी १९७४ मध्ये ते रांगांमध्येच तपासलं. मुद्दाम माणूस घुसवायचा, कधी दुसऱ्या नंबरच्या पुढं, कधी बाराव्याच्या. दुसऱ्या नंबरवाले जास्त भडकले. तोंडाशी आलेला घास जातो तेव्हा जास्त झोंबतं.

पण अडवणूक झालेला प्रत्येक जण कुठं मारतो? मानसशास्त्रज्ञ लिओनार्ड बर्कोविट्झ यांचं म्हणणं मला जास्त पटतं: अडवणूक, ऊन, दुखणं, जे जे नकोसं वाटतं त्यातून राग उठतो, पण हात उठेल की नाही हे भोवतालावर ठरतं. शिवाय लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं पडलं म्हणून धरणाच्या झिंज्या कुणाला धरता येतात? समोरची बाई हाताला लागते.

उपजतचं म्हणाल, तर अल्बर्ट बांडुरा यांच्या १९६१ च्या प्रयोगात मोठ्यांना बाहुलीला बडवताना पाहिलेल्या मुलांनी तसंच बडवलं. आमच्या गल्लीत दोनच दिवसांनी पोरी रिकामे डबे घेऊन "टँकर-टँकर" खेळत होत्या. काकूंच्या लेकीनं दुसरीची वेणी ओढली. काकू धावत आल्या, लेकीच्या पाठीत धपाटा घातला आणि ओरडल्या, "मारामारी कामून करायलीस गं?"