आधी पोच घे, मग चीड

पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. मतदारयादीच्या कामाला विटलीस, आणि चार सदस्यांच्या प्रभागात एका पक्षाने पॅनेलमधली जागा देऊ केली आहे. ‘आत गेल्याशिवाय काही बदलत नाही ना, काका?’ असं विचारतेस. उभं राहायचं की नाही, ते तुझं तू ठरव. मला एवढंच सांग, प्रारूप यादीवरच्या तुझ्या हरकतींची पोच कुठे आहे? ‘साहेबांशी बोलणं झालंय’ हे उत्तर नको. बोलणं झालं म्हणजे काहीच झालं नाही. लेखी दे, पोच घे.

महापालिकेच्या निवडणुकीला वेगळी यादी बनत नाही, हे तुला माहीत आहे. ठरावीक तारखेची विधानसभेची यादी घ्यायची आणि प्रभागनिहाय फोडायची. फोडताना अख्खी गल्ली शेजारच्या प्रभागात जाते. या टप्प्यावर नवं नाव घालता येत नाही. चुकलेला प्रभाग, विधानसभेच्या यादीत असून गळालेलं नाव, लेखनिकाची चूक, एवढंच दुरुस्त होतं, आणि तेही मुदतीत. मुदत टळली की तुझं म्हणणं कितीही खरं असो, त्याचं गाऱ्हाणं होतं. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर आरडाओरडा करणारे मी खूप पाहिले. त्यांपैकी हरकतीच्या आठवड्यात कार्यालयात कोण दिसलं होतं?

उमेदवारावरचे गुन्हे, मालमत्ता आज प्रतिज्ञापत्रात दिसते, ती कुणाच्या कृपेने नाही. अहमदाबादच्या आयआयएममधले काही प्राध्यापक १९९९ मध्ये याचिका घेऊन दिल्ली उच्च न्यायालयात गेले. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. त्याची धार बोथट करायला कायदाच बदलला गेला, तर २००३ मध्ये न्यायालयाने ती तरतूदही उडवली. सगळं कागदावर.

तू म्हणशील, पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या असं घटनेत लिहिलेलं असून काय झालं? मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, प्रशासक बसला, आणि निवडणुका घ्या हे मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. मान्य. पण लिहिलेलंच नसतं तर न्यायालयात दाखवलं काय असतं?

आता तुझं ते ‘आत’. सकाळी दारात तुंबलेलं गटार, बंद दिवा, रहिवासाचा दाखला. त्यात कमीपणा काही नाही, लोक त्यासाठीच निवडून देतात. दुपारी सर्वसाधारण सभा. विषयपत्रिका आदल्या रात्री वाचलेले मोजके. गोंधळात दहा विषय मंजूर. तू उठून ‘माझा विरोध नोंदवा’ म्हणशील, आणि इतिवृत्तात छापून येईल ‘एकमताने मंजूर’. म्हणून विरोधाचं पत्र त्याच दिवशी नगरसचिवांकडे द्यायचं, आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होताना ते पान उघडून उभं राहायचं. नगरसेवक असताना मी हेच करत राहिलो. मला ‘अर्जवाला’ म्हणायचे, मागून हसायचे. हसू देत. टेंडरच्या चौकशीत पुढे सगळ्यांनी हात वर केले, तेव्हा विरोध लेखी असलेला एकच नगरसेवक सापडला.

बहुसदस्यीय प्रभागाला मी पहिल्यापासून विरोध केला आणि त्याच प्रभागात अपक्ष म्हणून पडलो. चार मतं द्यायची म्हटल्यावर लोक चिन्ह बघून चारही बटणं दाबतात. एकट्याला ते अख्खं क्षेत्र पायी पुरवत नाही. पॅनेल घेतलं असतं तर आलो असतो, हे घरचे अजून ऐकवतात. आलो असतो, पण मग गटार तुंबलं की उरलेल्या तिघांकडे बोट दाखवायला मीही शिकलो असतो. मला ते जमलं नसतं. कदाचित हा हट्टच असेल. असू दे.

पॅनेलवाल्यांना एक विचार: सभागृहात पक्षादेशाविरुद्ध लेखी मत देता येईल का? ‘बघू’ म्हणाले तर तुला उत्तर मिळालं. पक्षादेश मोडला तर पद जाऊ शकतं, तो अपात्रतेचा कायदा वाचून जा, नुसतं ऐकून नको.

आणि तू पाठवलेला हरकतीचा मसुदा. तिसरा परिच्छेद काढ. त्यात नुसता संताप आहे. अधिकाऱ्याला यादीभाग क्रमांक, अनुक्रमांक आणि घर कुठल्या प्रभागात येतं ते हवं. नकाशाची प्रत जोड. दोन प्रती ने, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घे. शेवटच्या दिवशी जाऊ नकोस, त्या दिवशी आवक-जावकचा कारकून जागेवर नसतो.

तुझा,
काका