पडक्या भिंती आणि चंद्रतळी

प्रश्न : वर्षभरापूर्वी आम्ही इंग्लंडमधल्या लीड्सला आलो. मे महिन्यात सासू-सासरे येतायत. त्यांना फाउंटन्स ॲबी हा जुना, पडका ख्रिस्ती मठ दाखवायचा विचार आहे, पण सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि सात वर्षांचा मुलगा 'नुसत्या पडक्या भिंती' म्हणून कुरकुरतो. जावं का?

उत्तर : जरूर जा. मी तिथून जवळच्या रिपनला राहत असताना आईला तीनदा नेलं होतं. मुख्य प्रवेशद्वारापासून मठाकडे जाणारी वाट चांगलीच उताराची आहे, आणि येताना तोच चढ! गाडी पश्चिम दरवाजाला लावा, तिथून मठ जवळ पडतो.

आत गेल्यावर आधी कोठार गाठा. सुमारे ३०० फूट लांब दालन, वर दगडी कमानींचं छत, आणि उन्हाळ्यातही अंगाला लागणारा गारवा. मुलाला खांब मोजायला लावा. इथे मठाची लोकर साठवत. ११३२ साली तेरा साधूंनी स्थापलेला हा मठ मेंढ्यांच्या जोरावर श्रीमंत झाला. १५३९ मध्ये राजा आठव्या हेन्रीच्या काळात तो बंद पडला, छपराचं शिसंसुद्धा काढून नेलं. चर्चच्या मधोमध उभं राहून वर बघायला सांगा, थेट आभाळच दिसतं. माझी आई तिथे बराच वेळ गप्प उभी होती.

मग नदीकाठाने रमतगमत जॉन एझलबी यांनी अठराव्या शतकात उभारलेल्या जलउद्यानाकडे निघा. चंद्रकोरीच्या आकाराची तळी पाहताना सासूबाईंना बाकावर निवांत बसू द्या. सगळं एका दिवसात उरकायची घाई मात्र करू नका.