बहिणीची सही नसलेलं घर

प्रश्न : मी कुपवाड एमआयडीसीत नोकरीला आहे. सांगलीत विश्रामबागच्या पुढे, गुंठेवारीतल्या (शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यांचे तुकडे पाडून वसलेल्या वस्तीतल्या) दीड गुंठ्यावरचं एक घर 38 लाखांना ठरवलंय. मूळ मालकांनी 1994 साली स्वतःच्या कमाईतून जागा घेऊन घर बांधलं. ते 2014 मध्ये वारले, त्यांची पत्नी 2019 मध्ये. उताऱ्यावर आता दोन मुलांची नावं आहेत. बहीण जतला दिलेली आहे, तिचं नाव नाही. भाऊ म्हणतात, तिच्या लग्नात सगळं केलंय, तिला काही नको. मी नोटरीपुढे संचकारपत्र (विसारपत्र) करून तीन लाख दिले, त्यातले एक लाख रोख. आता बँकेचे वकील बहिणीचं हक्कसोडपत्र मागतात, त्याशिवाय कर्ज नाही. भाऊ म्हणतात बँक बदला, नाहीतर नोटरी करून ताबा घ्या. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. काय करावं?

उत्तर : फेरफाराचा, म्हणजे उताऱ्यावरच्या नावबदलाच्या नोंदीचा, फोटो सोबत पाठवलात ते फार बरं केलंत. 2015 च्या त्या नोंदीत शेवटून तिसऱ्या ओळीत लिहिलंय, 'मयताची मुलगी हिने हिस्सा नको असल्याचा जबाब दिल्याने तिचे नाव दाखल केले नाही.' तुमच्या सगळ्या अडचणीचं मूळ या एका ओळीत आहे. तलाठ्यापुढे दिलेल्या जबाबाने कुणाचा मिळकतीतला हक्क जात नाही. शंभर रुपयांवरच्या स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र लिहून ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. 1908 चा नोंदणी कायदा यात सूट देत नाही. आणि सातबारा असो, फेरफार असो की प्रॉपर्टी कार्ड, या नोंदी महसुलासाठी असतात. उताऱ्यावर नाव आलं म्हणून कोणी मालक होत नाही, आणि नाव आलं नाही म्हणून कोणाची मालकी बुडत नाही.

आता बहिणीचा हिस्सा किती ते बघू. बरेच जण इथे हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीचा दाखला देतात आणि वडील त्याआधी गेले की नंतर यावर वाद घालत बसतात. तुमच्या प्रकरणात तो वादच नाही. 2005 ची दुरुस्ती वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीसाठी आहे. हे घर स्वकष्टार्जित. हिंदू वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर अशा मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा 1956 पासून आहे. आईचा वाटाही तिच्यामागे तिन्ही मुलांत सारखा गेला. म्हणजे घराचा एक तृतीयांश त्या बहिणीचा आहे, कोणत्याही कार्यालयात तिचं नाव नसलं तरी. लग्नातला खर्च म्हणजे वाटणी नव्हे. वडिलांनी किंवा आईने मृत्युपत्र केलं होतं का, हे मात्र भावांना स्पष्ट विचारा. असेल तर हिशोब बदलेल, पण ते कागद हातात आल्यावरच.

भाऊ फसवतायत असं मी म्हणत नाही. ते मनापासून मानत असतील की ताईने सोडलंय. ताईसुद्धा तसं म्हणत असेल. पण 38 लाख तुम्ही त्या म्हणण्यावर देणार नाही आहात, मालकीवर देणार आहात. आणि ते दोघे मिळून दोन तृतीयांशाचेच मालक आहेत.

समजा तसंच खरेदीखत केलंत, तर? त्यांचा हिस्सा तुमच्याकडे येईल, बहिणीचा तिच्याकडेच राहील. त्यापुढचं फार थोड्यांना माहीत असतं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 प्रमाणे, कुटुंबाच्या राहत्या, न वाटलेल्या घरातला हिस्सा बाहेरच्या माणसाने विकत घेतला, तर त्याला त्या घरात सामाईक ताबा मागता येत नाही. आणि तुम्ही वाटपाचा दावा लावलात, तर 1893 च्या वाटप कायद्याखाली ती बहीणच कोर्टात म्हणू शकते की यांचा हिस्सा किंमत ठरवून मला द्या. घर घ्यायला निघालेला माणूस घराबाहेर उभा राहतो तो असा. बारा वर्षं झाली म्हणजे तिचा हक्क गेला, हीसुद्धा आपल्याकडची लाडकी समजूत आहे. एका सहहिस्सेदाराचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने धरला जातो. तुला आता हक्कच नाही, असं उघडपणे बजावून तिला बाहेर ठेवल्याचं सिद्ध झाल्याशिवाय ती मुदत सुरूच होत नाही.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक जोडपं आलं होतं. असंच घर, अशीच दोन भावांची सही. त्यांनी वर एक मजला चढवला होता, आणि वास्तुशांतीनंतर काही महिन्यांत वाटपाच्या दाव्याचं समन्स आलं. त्या बाई माझ्यासमोर बसून एकच विचारत होत्या, 'आम्ही तर उतारा बघून घेतलं ना?' त्यांचं काही चुकलं नव्हतं, एवढंच की त्यांना उताऱ्यापलीकडे बघायला कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्या बँकेच्या वकिलांनी ते तुम्हाला फुकट सांगितलंय. बँक बदलू नका.

नोटरी करून ताबा घेण्याबद्दल : अजिबात नको. स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. नोटरीचा शिक्का सही कोणाची एवढंच सांगतो. संचकारपत्र आणि कुलमुखत्यारपत्र यांवर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्वच्छ शब्दांत सांगितलंय.

दिलेल्या तीन लाखांची काळजी मला कळते. तुमचं संचकारपत्र काढून वाचा. 'सदर मिळकत निर्वेध व निजोखमी असून तीत आमच्याशिवाय अन्य कोणाचाही हक्क अगर हितसंबंध नाही' असं वाक्य त्यात असतंच असतं. ते वाक्य खरं करून देणं ही भावांची जबाबदारी आहे, त्यामुळे संचकारपत्रातली तीन महिन्यांची मुदत उलटली तरी तुमचा संचकार जप्त करता येणार नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्याच कलम 55 प्रमाणे, तुम्ही विनाकारण माघार घेतलेली नसेल, तर आगाऊ दिलेल्या रकमेचा बोजा विकणाऱ्याच्या हिश्श्यावर राहतो. म्हणून आधी कागद पक्का करा. स्पीड पोस्टाने पोचपावतीसह नोटीस पाठवा : मी उरलेली रक्कम द्यायला तयार आहे, बहिणीला सामील करून निर्वेध खरेदीखत करून द्या, नाहीतर माझे तीन लाख परत करा. करार पुरा करून मागण्याच्या दाव्याला ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षं मिळतात, पण तेवढी वाट बघू नका. रोख दिलेल्या लाखाचा उल्लेख संचकारपत्रात आहे ना, ते तपासा. नसेल तर आजच पावती घ्या. इथून पुढे एक रुपयाही रोख नको. मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, हे भावांनाही सांगा. ते लगेच चेकला तयार होतील.

व्यवहार मोडावा असं माझं मत नाही. घर पसंत आहे, दर बरा आहे, आणि दोष दुरुस्त होण्यासारखा आहे. हक्कसोडपत्रापेक्षा मला दुसरा रस्ता जास्त पटतो : बहिणीलाच खरेदीखतात भावांबरोबर 'लिहून देणार' म्हणून घ्या, नुसती 'संमती देणार' म्हणून नव्हे. तिच्या वाट्याची जी रक्कम आपसांत ठरेल ती तिच्या नावच्या खात्यात जाऊ द्या आणि चेक नंबरासकट खरेदीखतात लिहा. ज्या बाईला पैसे मिळालेत, जिने निबंधकापुढे अंगठा आणि फोटो दिलाय, ती उद्या आणि तिची मुलं परवा तुमच्या दारात येणार नाहीत. तिला काहीच नको असेल तर भावांच्या नावे हक्कसोडपत्र करू दे, पण नोंदणीकृत. आजारपणामुळे सांगलीला येता येत नसेल, तर निबंधकाच्या गृहभेटीची सोय कायद्यात आहे.

बाकीचं थोडक्यात. निबंधक कार्यालयातल्या नोंदींचा 30 वर्षांचा सर्च घ्या, स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्या. गुंठेवारी नियमितीकरणाचं महापालिकेचं प्रमाणपत्र मूळ बघा. त्यातलं क्षेत्र, 1994 च्या खरेदीखतातल्या चतुःसीमा आणि जागेवरची मोजणी जुळली पाहिजे. 2001 च्या गुंठेवारी कायद्याची मुदत 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना लागू झाली, त्यामुळे प्रमाणपत्र अजून घेतलं नसेल तर ते विकणाऱ्याने आणून द्यावं. निळ्या पूररेषेत, म्हणजे नदीच्या पुराच्या पट्ट्यात, जागा नाही ना, तेही विचारा. 2019 ला आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं. शेजाऱ्यांना विचारलंत तर ते भिंतीवर हात ठेवून दाखवतील. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि रेडी रेकनर (सरकारी दर) यांत जे जास्त त्यावर, महापालिका हद्दीत साधारण सहा टक्के. नोंदणी फी वेगळी. घर फक्त पत्नीच्या नावे घेतलंत तर एक टक्का, म्हणजे 38 हजार वाचतात. फक्त बँकेला आधी विचारा.

आणि या रविवारी जतला जाऊन या, तुम्ही आणि पत्नी मिळून. भावांपैकी एकाला बरोबर घ्या, पण बोलणं तुम्ही स्वतः करा. फेरफाराची प्रत न्या आणि ती ओळ त्या ताईंना वाचून दाखवा. हा जबाब त्यांनीच दिला होता का, तेही शांतपणे विचारा. त्या काय म्हणाल्या ते मला कळवा. खरेदीखताचा मसुदा मी त्यावरच ठरवेन.