द वॉकिंग डेड : मालिका पाहिली असली तरी कॉमिक वाचावं का?

तुम्ही विचारलंय की ‘द वॉकिंग डेड’ या झोंबी-मालिकेचे दोन सीझन पाहून झालेत, पुढचं कळलं तरी हरकत नाही, पण गोष्ट तीच असेल तर कॉमिकवर वेगळे पैसे कशाला घालायचे? मी दोन्ही शेवटपर्यंत नेलंय. माझं म्हणणं, जरूर घाला. गोष्ट तीच नाहीये.

तुम्ही पाहिलेल्या भागापासूनच बघा. कोठाराच्या दारातून कॅरलची लहान मुलगी सोफिया झोंबी होऊन बाहेर येते तो प्रसंग तुम्ही विसरला नसाल. कॉमिकमध्ये ती पोरगी मरतच नाही! ती मोठी होते, आणि शेवटच्या अंकात नायक रिकच्या मुलाची, कार्लची बायको असते, त्यांना एक लहान मुलगी असते. रिकचा मित्र शेन, त्याचंही तसंच. मालिकेत तो दोन सीझन टिकतो आणि रिकच्या हातून मरतो. कॉमिकमध्ये सहाव्याच अंकात संपतो, आणि गोळी झाडतो तो कार्ल. कॉमिकचा लेखक रॉबर्ट कर्कमनने पहिल्यापासून हे पोर नजरेसमोर ठेवलंय. अशा जगात वाढलेला मुलगा कसा माणूस होईल, हा प्रश्न २००३ ते २०१९ अशी सोळा वर्षं, १९३ अंक त्याने सोडला नाही.

मालिकेने आठव्या सीझनमध्ये कार्ललाच मारलं. मला हे आजही पटत नाही. पुढच्या सीझनमध्ये रिकही गेला, आणि ज्या बापलेकांसाठी आपण इतकी वर्षं बसलो ते दोघेही नाहीत, तरी मालिका २०२२पर्यंत चालू राहिली. रिकच्या लहान मुलीने, ज्युडिथने ती जागा बऱ्यापैकी भरली, पण ती भरलेली जागा आहे हे जाणवत राहतं.

ज्युडिथवरून आठवलं. मालिकेत रिकची बायको लोरी तिच्या बाळंतपणात जाते, बाळ वाचतं. कॉमिकच्या ४८व्या अंकात रिकचा गट राहतो त्या तुरुंगावर हल्ला होतो, लोरी बाळाला छातीशी धरून पळत असते आणि पाठीत गोळी लागते. ती पडते ती बाळावरच. जिने गोळी झाडली ती बाई जवळ येऊन बघते, आपल्या हातून काय झालं ते तिला कळतं, आणि ती आपल्याच म्होरक्यावर, गव्हर्नरवर बंदूक फिरवते. सगळं काळ्या-पांढऱ्यात, रक्तसुद्धा काळं. हजारावर पानांचा पहिला जाडजूड खंड नेमका याच अंकाशी संपतो. मी तो मिटला आणि पुढचा खंड हाती घ्यायला मला कितीतरी दिवस लागले.

रिकच्या गटातल्या ग्लेनच्या बाबतीत तर मी कॉमिकच्याच बाजूने आहे. शंभराव्या अंकात शत्रूटोळीचा प्रमुख नीगन बॅट उचलतो, पान उलटलं की ग्लेन. लपवाछपवी नाही. मालिकेने सहावा सीझन बॅट उगारून संपवला, कोण मेलं ते सांगितलं नाही, आणि प्रेक्षकांना एप्रिल ते ऑक्टोबर २०१६ तिष्ठत ठेवलं. एका माणसाच्या मरणाचं कोडं केलं.

पण मालिकेचं एक देणं मी कधीच नाकारणार नाही, ते म्हणजे कॅरल. कॉमिकमधली कॅरल खचते आणि तुरुंगात असताना आपणहून एका मुडद्याकडून चावून घेते. मालिकेत नवऱ्याचा मार खाणारी तीच दबलेली बाई हळूहळू सगळ्यांत धोरणी होत जाते. तिचं काम करणाऱ्या मेलिसा मॅकब्राइडचे डोळे बघत राहा. बिस्किटं वाटताना ती हसते ना, तेव्हा पोटात गोळा येतो. मालिकेतला डॅरिल तर कॉमिकमध्ये मुळातच नाही. उलट अँड्रिया कॉमिकमध्येच वाचावी. तिथे ती रिकची जोडीदार आहे, शेवटाजवळपर्यंत उभी आहे. कार्लच्या मुलीचं नाव अँड्रिया का, ते तेव्हा कळतं.

सुरुवातीला एक अडचण येईल. पहिले सहा अंक टोनी मूरने काढलेत, सातव्यापासून चार्ली ॲडलार्ड, आणि चेहरे एकदम बदलतात. रंग नसल्यामुळे कोण कोण ते ओळखायला मलाही वेळ लागला. दहाव्या-बाराव्या अंकापर्यंत नजर बसते.

एकच करा, मालिका आहे तिथेच थांबवा आणि कॉमिक पहिल्या अंकापासून वाचा. तिसऱ्या सीझनला तुरुंग येतोच. तो आधी ॲडलार्डच्या हातचा बघा.